ऑल्डरबी पूर्वचे उरलेले मतदार

इंग्लंडातला ‘ऑल्डरबी पूर्व’ हा मतदारसंघ रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथल्याच शालिग्राम बोंडे यांच्या घरी राहायला आला. अंगात जाड कोट आणि पायांत चिखलाचे बूट होते. अख्खा मतदारसंघ एवढ्याशा घरात मावायचा कसा, अशी शंका शालिग्रामरावांना आली खरी. पण रद्द झाल्यावर मतदारसंघाला क्षेत्रफळ उरत नाही. बैठकीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत तो ऐसपैस बसला.

“कुमुदबाई हायेत का घरी?” त्याने विचारलं.

“गेली ते. तीन वर्सं झाली.”

“मले मालूम हाय, भाऊ. पन आल्याबरोबर घरच्या बाईले इचारा लागते.”

तो वऱ्हाडी बोलतो याचं शालिग्रामरावांना नवल वाटलं नाही. मतदारसंघाला आपल्या सगळ्या मतदारांच्या भाषा येतात, आणि ऑल्डरबी पूर्वमध्ये मराठी बोलणारं हे एकच घर होतं, तेही अकोल्याचं. पुण्याची मराठी त्याच्या कानावर कधी पडलीच नव्हती, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

रद्द मतदारसंघाला वाटणी होईपर्यंत आपल्या कुठल्याही मतदाराकडे उतरता येतं, असा तिकडचा कायदा आहे. पुढे त्याचा अर्धा भाग उत्तरेच्या शेजाऱ्याकडे जायचा होता आणि अर्धा दक्षिणेच्या. त्याला दोघेही आवडत नसत. उत्तरेचा चिक्कू होता आणि दक्षिणेचा स्वतःला फार शहाणा समजे.

बसच्या डेपोतून निवृत्त झाल्यापासून शालिग्रामरावांच्या घरात रेडिओखेरीज दुसरा आवाज नव्हता. मूलबाळ नव्हतं. आता मात्र सकाळ-संध्याकाळ दोन कप चहा होऊ लागला आणि गप्पांना ऊत आला. मतदारसंघ जुन्या आठवणी काढायचा. कोळशाच्या खाणी, कालव्यातल्या होड्या, आणि तो एक उमेदवार, ज्याने गिरणीच्या जिन्यावरून दुपारभर भाषण ठोकलं आणि खाली ऐकायला फक्त गिरणीचा बहिरा रखवालदार होता. रखवालदार शेवटपर्यंत हलला नाही, कारण कुलूप त्याला लावायचं होतं. उमेदवाराला वाटलं, निदान एक मत तरी पक्कं.

“माया आजा सात मतदारांचा होता,” मतदारसंघ अभिमानाने सांगे. “सात घरं, बाकी समदी मेंढरं. पन पार्लमेंटात दोन मेंबर धाडे. कोनाची छाती नाई झाली नाई म्हनायची.”

एका दुपारी कुमुदबाईंच्या पहिल्या मतदानाची गोष्ट निघाली. त्या दिवशी शालिग्रामराव ड्यूटीवरून सुटून रात्री मत देणार होते, म्हणून ती एकटीच शाळेतल्या केंद्रावर गेली होती. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं होतं की, साहेबानं माझ्याशी हात मिळवला, किती भली माणसं.

“हात नाई मिळवला,” मतदारसंघ म्हणाला. “तिनं मत टाकलं अन् डाव्या हाताचं बोट पुढं करून उभी रायली. शाई लावाले. अकोल्यात लावत ना? इथं शाईबिई काई नाई. केंद्रावरच्या पेटिग्र्यू साहेबाले समजेना. त्यानं ते बोट धरलं अन् हळूच हालवलं. मांगं एक म्हातारी होती. तिले वाटलं, नवा कायदा आला. तिनंबी बोट पुढं केलं.”

संध्याकाळपर्यंत सगळ्या केंद्राने बोटं पुढे केली. त्यानंतर ऑल्डरबी पूर्वमध्ये मत दिल्यावर अधिकाऱ्याने मतदाराचं बोट हलवायचं, हा रिवाजच पडला. शालिग्रामरावांनीही दर निवडणुकीला बोट हलवून घेतलं होतं. साऱ्या इंग्लंडात असंच करतात, अशी त्यांची ठाम समजूत होती.

“म्हंजे हे आमच्या कुमुदनं केलं?” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. हसावं की रडावं कळू नये इतकं त्यांना बायकोचं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सीमा कार्यालयातून मिस हॉरक्स नावाच्या बाई वाटणी करायला आल्या. त्यांनी चहा घेतला, साखर नको म्हणाल्या आणि कामाला लागल्या. रस्ते वाटले, गटारं वाटली, जिवंत मतदार पत्त्याप्रमाणे इकडेतिकडे लावले.

“आणि मृत मतदार?” मतदारसंघाने त्यांना इंग्रजीत विचारलं.

“त्यांची तरतूद नाही,” मिस हॉरक्स म्हणाल्या. “मतदार पत्त्यावरून वाटले जातात. मृतांना पत्ता नसतो, त्यामुळे त्यांना कोणतीच हद्द लागू होत नाही. हस्तांतराबरोबर ते संपुष्टात येतील.”

“संपुष्टात म्हणजे?” शालिग्रामरावांनी विचारलं.

“ते इथे कधी होते, हे कोणाच्याही आठवणीत राहणार नाही. काळजी करू नका, त्यात कोणालाही त्रास होत नाही.”

या देशात कुमुदला ओळखणारे दोघंच उरले होते, एक शालिग्रामराव आणि दुसरा हा मतदारसंघ. आता मतदारसंघ जाणार होता. त्यांचं स्वतःचं वय झालेलं, आणि त्यात बाई ‘कोणाच्याही’ म्हणाल्या होत्या. त्या कोणाच्याहीमध्ये आपणही आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

“त्यांना पत्ता मिळाला तर?” त्यांनी विचारलं.

मिस हॉरक्स यांनी विचार केला. त्या नियमाने चालणाऱ्या होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या. “एखाद्या जिवंत मतदाराने आपला पत्ता दिला, तर त्यांच्यापुरता हाच मतदारसंघ वेगळा राहू शकतो. पूर्वी सात मतदारांचेही असत. मात्र त्या माणसाचं नाव उत्तरेत राहणार नाही आणि दक्षिणेतही नाही. देशाच्या निवडणुकीत त्याला पुन्हा मत देता येणार नाही.”

“भाऊ, इचार करा,” मतदारसंघ हळू आवाजात म्हणाला. “तुमी एकबी मतदान चुकवलं नाई आजपावतर. मीच साक्षी हावो.”

खरं होतं. तापात फणफणत असतानाही ते एकदा घोंगडी पांघरून गेले होते. परक्या देशात आपल्याला विचारतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

“माझा पत्ता घ्या,” ते म्हणाले.

मिस हॉरक्स यांनी त्यांचे आभार मानले आणि कप स्वतः विसळून ठेवला. मतदारसंघाने कोट काढून खुंटीला अडकवला, तो कायमचाच.

पुढची सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा सारी गल्ली नव्या केंद्रांवर गेली आणि शालिग्रामराव घरी राहिले. त्यांनी बैठकीत टेबल मांडलं, कोपऱ्यात पडदा लावला. जिवंत माणूस एकच, तेव्हा अधिकारी तेच. सकाळी दार उघडलं तर रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली होती. खाणकामगार आले, गिरणीतल्या बाया आल्या, तो बहिरा रखवालदारही आला. मतदारसंघ दारात उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होता. शालिग्रामराव प्रत्येकाला नाव विचारत, मतपत्रिका देत, बोट हलवत. कोणी घाई केली नाही.

संध्याकाळी कुमुदबाई टेबलापुढे आल्या. हिरवं पातळ, वर लोकरीचा कोट. शालिग्रामराव खुर्चीतून अर्धे उठले. पण रांगेतली माणसं बघत होती, आणि ओळखीच्या मतदारालाही नाव विचारल्याशिवाय मतपत्रिका देता येत नाही.

“नाव?” त्यांनी विचारलं.

“कुमुद बोंडे.”

“पूर्ण सांगा लागते.”

कुमुदबाईंनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, पदर सारखा केला. जन्मभर त्यांनी नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं होतं. दवाखान्यातसुद्धा त्यांचं नाव शेजारणीकडून सांगवलं होतं.

“अहो, तुमाले मालूम नाई का?”

“मालूम हाय. पन नियम हाय.”

त्या लाजल्या, हसल्या आणि म्हणाल्या, “कुमुद शालिग्राम बोंडे.”

शालिग्रामरावांनी डोळे पुसले, मतपत्रिका त्यांच्या हातात दिली आणि पडद्याकडे जायची वाट दाखवली. मागे अजून बरीच माणसं उभी होती.