काळे सर कोणाकून?

आमच्या शाळेतले काळे सर फक्त चौकड्याचे शर्ट घालायचे. त्यामागं आवड नव्हती, अभ्यास होता. भगवा घातला तर एक अर्थ निघतो, हिरवा घातला तर दुसरा, निळ्याचा तिसरा आणि पिवळ्याचा चौथा. मधे काही दिवस त्यांनी पांढरा घालून पाहिला, तर लोक विचारायला लागले, "सर, कोणत्या वॉर्डातून उभं राह्यलात?" शेवटी त्यांनी जालन्याहून चौकड्याचं कापड आणलं. "चौकड्यात सगळेच रंग बसतेत मॅडम," ते मला म्हणाले. "कोणी रुसत न्हाई."

सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, मी विज्ञान शिकवते. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात माणसाचं मत कळल्याशिवाय लोकांना जेवण पचत नाही, आणि मत ओळखायचं तर आधी जात ठाऊक पाहिजे. आता काळे हे आडनाव चार-पाच जातींत सापडतं. त्यामुळे बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी त्यांना हटकायचंच, "सर, तुम्ही कोणते काळे?"

सर म्हणायचे, "फळ्याचे."

सर मूळचे भोकरदनकडचे. म्हणून चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलेल्या आमच्या मंडळींनी तिकडं चौकशी करून पाहिली. तिकडं गल्लोगल्ली वेगळेच काळे निघाले. मंडळी प्रसाद घेऊन परत आली.

सवय अंगात इतकी मुरलेली की चहा कसा झालाय हेसुद्धा ते सांगत नसत. "गोड पिणाऱ्याला बराबर, फिक्कं पिणाऱ्याला जास्ती," एवढाच निकाल. शिपाई बिचारा रोज अंदाजानं साखर टाकायचा.

वर्गात मात्र सर रंगात यायचे. माझ्या आणि त्यांच्या वर्गामधे नुसता पत्रा होता, त्यामुळे त्यांचं निम्मं नागरिकशास्त्र मी फुकटात शिकले. उजवीकडच्या बाकांनी सरकारच्या बाजूनं बोलायचं, डावीकडच्यांनी विरोधात. वाद तापला, पोरं उठून उभी राहिली, की सर टेबलावर डस्टर आपटून ओरडायचे, "पलटी!" लगेच उजवीकडच्यांनी विरोधात बोलायचं आणि डावीकडच्यांनी बाजूनं. मी शिकवत असलेलं प्रकाशाचं परावर्तन त्या डस्टरपुढे कुठं टिकणार!

एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. "सर, हे पोरगं रात्री माझ्यासंगं राजकारणावर भांडून राह्यलं. मी जिंकायलो असं वाटलं की मधीच पलटी म्हन्तंय अन् माझंच बोलनं बोलतंय. मंग मी काय बोलू?"

"तुम्ही त्येचं बोला," सर म्हणाले.

मला हे पटायचं नाही. माझा स्वभाव तोंडावर बोलायचा, मत पोटात ठेवलं तर मला पित्त होतं. मी त्यांना म्हणायचे, "सर, देशात एवढं चाललंय आणि मास्तरानं तोंड शिवून बसायचं? ही पळवाट झाली. मत नसलेला मास्तर पोरांना ताठ उभं राहायला काय शिकवणार?"

"मत न्हाई कोण म्हन्लं?" सर म्हणायचे. "पण मॅडम, लाल पेन माझ्या हातात हाय. तुम्ही चौकात बोलले तं ते मत. मी वर्गात बोललो की पोरं त्येला उत्तर समजतेत. लिहून घेतेत अन् खाली रेघ मारतेत."

त्यांचं हे म्हणणं मी कधी मान्य केलं नाही.

मग आरक्षणाच्या आंदोलनाचं ते वर्ष आलं. गावाचे सरळ दोन भाग झाले. किराणा दुकानं वाटली गेली, चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या. नववीच्या वर्गात वैष्णवी आणि रेणुका पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. दोघींच्या बापांनी बोलणं सोडलं, तशी रेणुका दप्तर उचलून पलीकडच्या ओळीत गेली. बघता बघता अख्खा वर्गच तसा बसायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी नेहमीसारखा वाद लावला. पोरं कडाडून भांडली. सरांनी डस्टर आपटला, "पलटी!"

पत्र्यापलीकडे कोणी पलटलं नाही. मग वैष्णवीचा आवाज आला, "न्हाई सर. आम्ही न्हाई पलटी करनार. तुम्ही सांगा, तुम्ही कोणाकून?"

दुसऱ्या ओळीतून रेणुका म्हणाली, "हां सर, आज सांगाच."

त्या दोघी बऱ्याच दिवसांनी एका सुरात बोलल्या होत्या. मी खडू खाली ठेवला.

"मला मत हाय," सर म्हणाले. आवाज बसला होता. "लई पक्कं हाय. पण ते सांगितलं की तुमच्यातले निम्मे आज घरी जाऊन म्हन्तीन, सर आपले न्हाईत. मला निम्मा वर्ग परवडत न्हाई रे."

सरांना मूलबाळ नव्हतं. ते मला तेव्हा आठवलं.

गावानं या बोलण्याचा आपल्या सोयीनं अर्थ लावला. जो बोलत नाही तो तिकडचा, असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं. लग्नसराई आली, पण सरांच्या दारी एकही पत्रिका आली नाही. सर शाळेतून घरी आणि घरून शाळेत, एवढेच उरले.

वर्ष सरताना ते रिटायर झाले. शाळेनं शाल-नारळ देऊन कार्यक्रम उरकला. सरांनी मात्र रविवारी घरी जेवण ठेवलं आणि गावात दोन्हीकडे स्वतः फिरून आवतन दिलं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी सकाळपासून सरांच्या बायकोच्या, काकूंच्या हाताखाली बट्ट्या वळत होते. सर सारखे दारापर्यंत जाऊन रस्ता बघून यायचे आणि आत येऊन "वरण निवून राह्यलं" म्हणायचे. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

मोठी माणसं आलीच नाहीत. इकडच्यांना वाटलं तिकडचे येतील, तिकडच्यांना वाटलं इकडचे.

नववीची पोरं आली, पण दोन टोळ्या करून. आधी वैष्णवीची टोळी जेवली. सरांनी आग्रह करकरून तूप वाढलं. हात धुताना वैष्णवी माझ्या कानाला लागली, "मॅडम, सर आपल्याकूनच हायेत. बोलून दाखवत न्हाईत फक्त."

ती टोळी गेली, मग रेणुकाची आली. तीही तेवढंच तूप खाऊन उठली आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मॅडम, सर आपलेच हायेत, मला पक्कं ठाऊक हाय." जाताना चपला घालता घालता तिनं हळूच विचारलं, "वैशी येऊन गेली का? जेवली का पोटभर?"

मी हे सगळं सरांना सांगितलं. ते खूप हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "आले तं सगळे. एका टायमाला न्हाई आले, एवढंच."

ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "सर, आता तुमच्या हातात लाल पेन नाही. आता तरी सांगा."

सरांनी रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. मग बोलायला लागले. आधी चाचरत, मग भडाभडा. आरक्षणाबद्दल बोलले, पुढाऱ्यांबद्दल बोलले, आपल्या बापाबद्दल बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पोरं वाचतील. त्यातलं निम्मं मला पटलं नाही.

काकू राखेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघून सर ओशाळले आणि थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "घरात कधी बोलले न्हाईत ह्याच्यावर. मला वाटलं, मला कळत न्हाई म्हनून."

"तसं न्हाई गं," सर खाली बघत म्हणाले. "पोरं तुझ्याकडं पाणी प्यायला येतेत. तुझ्या तोंडून एखादा शब्द निघून गेला असता तं..."

काकूंनी पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"आता कोणी येनार न्हाई पाणी प्यायला," त्या म्हणाल्या. "बोला तुम्ही. मी ऐकून राह्यले."