एका बटणाचा भात

"बटण एकच! बाकी सगळा कचरा!" असं ओसाकाच्या कारखान्यात ठणकावून सांगणारी काझुयो इनुई आता जिंकल्यातच जमा होती. जुन्या भाताच्या कुकरला सतरा बटणं होती. तिने सतराच्या सतरा काढली आणि त्यांच्या जागी एकच नवं बसवलं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र! संचालक त्सुकुदासाहेब स्वतः तिच्या घरी जेवून निकाल देणार होते. जमलं तर तिचा कुकर बाजारात, नाहीतर तिची किटली विभागात बदली!

"साधा भात एकदा दाबून," साहेब घरी येऊन बसताच काझुयो ऐटीत म्हणाली. "मऊ हवा तर दोनदा. पेज सात वेळा."

"आणि मला आवडतो तसा मोकळा?" साहेबांनी विचारलं.

"अकरा!"

"चुकून सुरू झाला तर बंद कसा करायचा?"

"सतरा," काझुयो जरा हळू म्हणाली.

तिने साहेबांच्या मोकळ्या भातासाठी दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सातव्याला आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, साहेबांना चहा ठेवू का?"

"आई, गप्प!" पण तेवढ्यात बोट थबकलं, आणि कुकरने आनंदाने गाणं म्हणून पेज शिजवायला घेतली.

मग सतरा वेळा दाबणं आलं. चौदाव्याला साहेब शिंकले! काझुयोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्यांनी पुढची शिंक नाक दाबून गिळली. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला आकडा तिचा तीच विसरली.

शेवटी आईने कपाटातून बाबांचा अबॅकस काढून आणला. "घे बाई! एकदा दाबलंस की एक मणी सरकव."

आणि काय सांगावं, जमलं! सतराव्या मण्याला कुकर बंद पडला. "बघा!" काझुयो ओरडली. झाकण उघडलं, तर आत पेज केव्हाच तयार होती.

साहेबांनी मुळ्याच्या लोणच्याबरोबर ती मुकाट्याने संपवली. मग अबॅकसकडे बोट दाखवून म्हणाले, "इनुईबाई, बटणं गेली कुठे? सगळी इथे येऊन बसली की!"

"पण कुकरवर एकच आहे ना!"

"सोमवारपासून किटली विभाग." तिचा चेहरा बघून साहेबांनाच वाईट वाटलं. "अहो, विजेच्या किटलीला मुळातच एक बटण असतं. तुमच्या मनासारखं!"

काझुयोने डोळे पुसले आणि हनुवटी वर केली.

"एक तरी कशाला हवंय?"