शंभर टक्के झोपलेला जिल्हा

अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हृदय दमते आणि माणूस विनाकारण खेकसतो, असे परिपत्रक राजधानी कंपालाहून आमच्या तळ्याकाठच्या जिल्ह्यात आले आणि मला जिल्हा निद्रा अधिकारी नेमण्यात आले. माझी लायकी वादातीत होती. साहेब इथेच कुठेतरी आहेत असे लोकांना वाटावे म्हणून खुर्चीला कोट अडकवून मी रोज दुपारी घरी दोन तास झोपत असे. चांगल्या कामाची सुरुवात खात्याने स्वतःपासून करायला हवी.

पहिला अर्ज रुग्णालयाच्या सिस्टर नाकिवाला यांचा होता. रुग्णवाहिका एक, चालक एक, त्याचे नाव सेमवांगा. बाळंतपणे, सर्पदंश, भाड्याच्या मोटरसायकलींचे अपघात. बारा दिवसांत त्याला सलग तीन तास झोप मिळाली नव्हती.

"दुसरा चालक द्या, साहेब. नाहीतर हा बापडा एक दिवस पेशंटसकट दलदलीत जाणार."

"न्याबो," मी बाईंना द्यायचा मान देत म्हणालो, "आधी पाहणी. झोप कमी आहे हे कागदावर तर येऊ दे!"

पाहणीच्या तक्त्यात प्रश्न एकच होता: रात्री झोप कशी झाली? तो सकाळीच आणि मातृभाषेतच विचारायचा. रकाने दोन, 'चांगली' आणि 'वाईट'.

आता आमच्याकडे सकाळी कुणी भेटले की पहिली विचारपूस हीच. आणि आईबापांनी वळण लावलेला माणूस 'चांगली' असेच म्हणतो. रडगाणे नंतर, घरचे, शेताचे, कोंबड्यांचे विचारून झाल्यावर. एका म्हातारीचे छप्पर रात्री वादळात उडाले होते. "चांगली झाली बाबा, तुमची?" असे म्हणून ती ओक्साबोक्शी रडू लागली. रडण्याला रकाना नव्हता. मी 'चांगली'पुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

सेमवांगा गाडीला टेकून उभा होता. डोळे लालभडक, हातातला चहा सदऱ्यावर सांडत होता.

"रात्री झोप कशी झाली, सेमवांगा?"

"चांगली झाली, सेबो. आपली?" साहेबाला द्यायचा मान देत तो म्हणाला.

सिस्टर मागून धावत आल्या. "अहो, तुम्ही त्याला प्रश्न विचारलात की नमस्कार केलात?"

"दोन्ही. सरकारी वेळ वाचला."

"खरं बोल ना रे मेल्या! पहाटे फाटकाला गाडी कुणी ठोकली?"

सेमवांगा खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, सकाळी सकाळी मोठ्या माणसाला कसं सांगू? आईनं असं शिकवलं नाही मला."

दुपारी विचारा, अशी सिस्टरांनी गळ घातली. पण दुपारची उत्तरे नियमात बसत नव्हती, आणि दुपारी मी कामात असे.

निकाल लागला: जिल्हा शंभर टक्के झोपलेला. दुसऱ्या चालकाचा अर्ज 'गरज नाही' या शेऱ्यासह परत गेला. उलट आमची झोप पाहायला इतर जिल्ह्यांतून अधिकारी येऊ लागले. त्यांना आणायला-पोचवायला गाडी हवी होती. जिल्ह्यात चालू स्थितीतली गाडी एकच होती, ती सेमवांगाची.

माझा सत्कार ठरला. भाषण पाठ करता करता माझ्या चार रात्री गेल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली. मी आडवा, सिस्टर शेजारी, सेमवांगा पुढे. घाट उतरताना त्याची मान हळूच कलली. खरे सांगतो, मी घाबरलो. "सेमवांगा, झोपलास का रे?" मी ओरडलो.

"नाही, सेबो," तो अदबीने म्हणाला, आणि गाडी लव्हाळ्यांतून दलदलीत शिरली.

सिस्टरांना खरचटले, माझा पाय मोडला. सेमवांगाच्या डोक्याला टाके पडले आणि तो माझ्या शेजारच्या खाटेवर जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घोरत होता. मी मात्र रात्रभर कण्हत होतो.

सकाळी कंपालाचा चौकशी अधिकारी आला. जिल्हा शंभर टक्के झोपलेला असल्यामुळे डुलकी हे कारण त्याने आधीच खोडले होते. दोष दलदलीवर ठेवायचा होता. त्याने सेमवांगाला हलवून उठवले.

"रात्री झोप कशी झाली?"

"चांगली झाली, सेबो." पठ्ठ्या पहिल्यांदा खरे बोलला होता.

"उत्तम. मग आजच रुजू हो."

सेमवांगा चपला शोधू लागला. सिस्टर माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आता माझ्या एका शब्दावर दुसरा चालक मिळणार होता. अधिकारी माझ्याकडे वळला. त्याने टोपी काढली, थोडा वाकला आणि विचारले, "सेबो, आपली झोप कशी झाली?"

"चांगली," मी म्हणालो. "आपली?"

सिस्टर निघून गेल्या. खाली दलदलीतून ओढून काढलेली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तुम्ही हसताय. हसा. उद्या सकाळी तुम्हालाही कुणीतरी विचारेल, काय, कसं काय, बरं आहे ना? तुम्ही काय उत्तर देणार, ते मी आताच लिहून ठेवले आहे.