पाळण्यातल्या पोराच्या मिशा

नकाशात ती सावली दिसली तेव्हा जावईबापू टेबलावरून उठले, ग्लासभर पाणी प्यायले आणि मनातल्या मनात कायम नोकरीच्या खुर्चीत बसूनही आले.

विश्व लहान होतं तेव्हाचा उजेड अजून आकाशभर मंद उरला आहे. त्याच्यापुढे दीर्घिकांचा तापलेला पुंजका आला की त्याची सावली नकाशावर पडते. अशा सावल्या हुडकणं हेच जावईबापूंचं काम. ही सावली विश्वाच्या बालपणातली होती आणि पुंजका वयाच्या मानाने भलताच तापलेला. पाळण्यातल्या पोराला मिशा फुटाव्यात, तसा प्रकार. समितीला पटलं तर त्यांची हंगामी नोकरी पक्की होणार होती.

"कोणाला बोलू नकोस," ते बायकोला म्हणाले. तिने फक्त वडिलांना सांगितलं. सासऱ्यांनी फक्त इमारतीला सांगितलं.

समितीच्या बैठकीच्या सकाळी दात घासताना जावईबापूंना शंका आली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. शोधणारे जागे आहेत का हे बघायला प्रमुख मॅडम गुपचूप नकाशात एखादी खोटी सावली मिसळून ठेवतात. मागच्या वर्षी शेजारच्या टेबलवाल्याने तसली सावली खरी समजून टाळ्या घेत मांडली होती. बिचाऱ्याला अजून सगळे 'सावलीकर' म्हणतात.

"अगं, पाळण्यातल्या पोराला मिशा असतात का? मॅडमनीच चिकटवल्यात."

"मग विचारा की त्यांना."

"विचारायचं नसतं. तोच तर नियम आहे."

"धन्य तुमचा धंदा," बायको म्हणाली.

निघता निघता त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सासऱ्यांना फोन केला. "बाबा, ती सावली मॅडमनी मिसळलेली आहे. खोटी. आता आणखी कोणाला सांगू नका."

"छे, मी कशाला सांगतोय," म्हणत सासऱ्यांनी चपला घातल्या.

बैठकीत मॅडम तोंड उघडायच्या आत जावईबापू उभे राहिले. "ही सावली तुम्ही मिसळलेली आहे, मॅडम. मी ओळखली." सावलीकर त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत राहिला.

मॅडम जरा ओशाळल्या. "अहो, यंदा मिसळायचं राहूनच गेलं माझ्याकडून."

जावईबापूंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मॅडमनी आपल्याजवळचा दुसऱ्या दुर्बिणीचा नकाशा उघडला. सावली तिथेही जागच्या जागी होती.

"स्वतःच्याच शोधावर इतका संशय घेणारा माणूस मिळत नाही हो," समितीतले म्हातारे गृहस्थ म्हणाले. "ठेवून घ्या त्यांना."

संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. होतं असं."

सासरे दारातच भेटले.

"बाबा, सावली खरी निघाली. नोकरी पक्की झाली. सांगा आता सगळ्यांना."

सासऱ्यांनी चपला काढून कोपऱ्यात सरळ लावल्या. "खरी म्हणून सांगून आलो, खोटी म्हणून सांगून आलो. आता परत जाणार नाही. इमारतीत माझ्या शब्दाला काही किंमत आहे."

"अहो, पण नोकरी तरी..."

"ती तरी खरी कशावरून? तीही मॅडमनी मिसळलेली नसेल?"

जावईबापू हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी मॅडमना फोन लावला.