दोन वाजताची रिकामी पिंपं

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी अँब्रोज टीग अंड्याचा दुसरा घास तोंडात घालत होता, तोच त्याचा मेहुणा एमिल संघाचा गणवेश चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सदरा पोटापुढे हार मानून मध्येच थांबला होता, टोपी तेवढी बरोबर बसली होती. अँब्रोजने काटा खाली ठेवला.

"तू आज गाडीवर हवास ना?"

"गाडीवर कसा असेन, दाजी? आज मी खेळाडू आहे. मे महिन्यात शब्द दिला होतात तुम्ही."

दिला होता खरा. त्या १९०९ सालच्या मे महिन्यात हॅडली बेंडचा बेसबॉल संघ ओळीने सात सामने हरला होता, आणि अँब्रोज त्या संघाचा मॅनेजर होता. सासरे गॉटलीब स्ट्रंक यांचा गावात व्हिनेगरचा कारखाना. चेंडूमागे धावणाऱ्यांच्या मागे जावयाने धावावं, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. ईस्टरच्या जेवणात त्यांनी जावयाकडून कबूल करून घेतलं होतं, की यंदा लीगच्या विजेतेपदाचं निशाण गावात आलं नाही तर बेसबॉलला रामराम ठोकायचा आणि कारखान्यात हजर व्हायचं. व्हिनेगरच्या नुसत्या वासाने अँब्रोजचे डोळे भरून यायचे. तिथे जन्म काढायचा म्हणजे रडण्यातच काढायचा.

अशात एके दिवशी संघाचा बडा फलंदाज क्लेम होयर मैदानावर येत असताना त्याला रिकाम्या पिंपांनी लादलेली गाडी आडवी गेली. रिकामी पिंपं दिसली की हातून टोले बसतात, हे बेसबॉल खेळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. क्लेमने त्या दिवशी चार सणसणीत टोले मारले. दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती, टोलेही नव्हते. अँब्रोजचा शकुनावर काडीचा विश्वास नव्हता, पण शकुन मानणाऱ्यांच्या टोल्यांवर फार होता. कारखान्याची गाडी एमिलच हाकायचा. दोघांचं गुपचूप ठरलं, की घरच्या प्रत्येक सामन्याला बरोबर दोन वाजता खेळाडूंच्या फाटकावरून रिकामी पिंपं न्यायची. एमिलने पैसे मागितले नाहीत. एका सामन्याला गणवेश घालून खेळाडूंच्या बाकावर बसायचं, एवढीच त्याची अट. अँब्रोज घाईघाईत म्हणाला होता, शेवटच्या सामन्याला बस. मे महिन्यातून सप्टेंबर फार लांब दिसतो.

पिंपं जात राहिली आणि संघ जिंकत सुटला तो सुटलाच. जून गेला, जुलै गेला, आणि आता हॅडली बेंड आणि कॉर्डिंग्टन बरोबरीत होते. आज जो जिंकेल, निशाण त्याचं.

अँब्रोजने मेहुण्याला गोंजारलं, दटावलं, आपली अंडीसुद्धा पुढे केली. एमिलने अंडी खाल्ली, पण तो बधला नाही. बाकावर बसायचं म्हणून अंपायरच्या यादीत त्याचं नावही लागलं होतं, आणि आई टोपी घालून बघायला येणार होती. शेवटी अँब्रोजची बायको हुल्डा चुलीपासून वळली.

"अहो, त्याला कशाला छळता? गाडी तुम्हालाही हाकता येते की."

"आणि संघातल्या पोरांनी ओळखलं म्हणजे?"

हुल्डाने आपल्या हिवाळी कोटाची फरची कॉलर उसवली, तिला दोऱ्या लावल्या आणि नवऱ्याच्या कानांमागे बांधल्या. आरशात बघून अँब्रोज स्वतःच दचकला.

दीड वाजता तो दाढीसकट कारखान्यातून गाडी घेऊन निघाला. घोडी पहिल्याच चढाला कुंथायला लागली तेव्हा त्याने मागे वळून एका पिंपावर थाप मारली. पिंप भरलेलं होतं. दुसरं भरलेलं, तिसरं भरलेलं. एमिल रोज सकाळी माल पोचवून पिंपं रिकामी करायचा, आणि आज एमिल सकाळपासून खेळाडू होता. रिकामी पिंपं शकुनाची, तर भरलेली म्हणजे अपशकुनाचा कळस. परत फिरायला वेळ नव्हता. अँब्रोजने हातोडी घेतली आणि चौदाही पिंपांची बुचं उडवली.

गाडी पुढे आणि तिच्यामागे व्हिनेगरचा ओहोळ, अशी ती स्वारी गावातून निघाली. बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या. धर्मगुरूंचा कुत्रा शिंकत शिंकत चर्चमध्ये शिरला. अँब्रोजची दाढी चिंब भिजली, डोळ्यांना धारा लागल्या, पण ओझं उतरलं तशी घोडी उधळली. दोनला दोन मिनिटं कमी असताना गाडी फाटकावर आली. तिथे पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी उभ्या असलेल्या पोरांच्या टोप्या आभाळात गेल्या. अँब्रोजला त्या दिसल्या नाहीत, नुसता गलका ऐकू आला, आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

मात्र हॉटेलातून गणवेश घालूनच निघालेला कॉर्डिंग्टनचा अख्खा संघ उघड्या बग्गीत त्याच्या मागोमाग येत होता. मैलभर त्यांच्या डोळ्यांपुढे त्या रिकाम्या पिंपांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मग व्हायचं ते झालं. दोन्हीकडून टोल्यांचा पाऊस पडला. कुंपणाच्या फळ्या निखळल्या, एका म्हाताऱ्याच्या तोंडातला पाइप चेंडूबरोबर गेला. नवव्या, शेवटच्या डावात सोळा-सोळा अशी बरोबरी होती. हॅडली बेंडचे दोन गडी बाद, तिन्ही बेसवर माणसं, एक धाव हवी. आणि ज्याची पाळी होती त्याचा अंगठा नुकताच मोडला होता. अँब्रोजने बाकाकडे पाहिलं. बाकावर एकटा एमिल होता.

"बॅट घे," अँब्रोज म्हणाला. "पण फिरवू नकोस. नुसता उभा राहा."

"नुसता?"

"नुसता. काहीही झालं तरी हलू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच एमिलने दाजींचं ऐकलं. दोन चेंडू नाकासमोरून गेले, तो हलला नाही. आता एकच उरला, तोही तसाच गेला की बाद. तिसरा चेंडू पिचरच्या हातून निसटला आणि थेट त्याच्या पोटावर आला. दुसरा कुणीही उडी मारून बाजूला झाला असता. पिठाच्या पोत्यावर बुक्की मारावी तसा आवाज झाला. चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट, आणि तिन्ही बेस भरलेले म्हणजे तिसऱ्यावरचा माणूस आपोआप घरी, म्हणजे एक धाव. कॉर्डिंग्टनवाले ओरडत धावले, की याने चेंडू चुकवलाच नाही. अंपायरच्या मते एवढ्या पोटाला चुकवायला जागाच नव्हती.

गाव मैदानात उतरलं. सहा जणांनी एमिलला खांद्यावर घेतलं, दोघांचे खांदे गेले. अँब्रोज एका कोपऱ्यात उभा राहून खुशाल रडत होता, आणि आता ते व्हिनेगरमुळे नव्हतं. क्लेम जवळ आला.

"मास्तर, दाढी छान दिसत होती."

"तू ओळखलंस?"

"गाडीचं तर आम्हाला जूनपासून ठाऊक आहे. एमिलच्या पोटात काही राहतं का?"

"मग तरी टोले कसे मारत होतात?"

क्लेमने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गाडी कुणी का धाडेना, पिंपं तर रिकामीच होती ना?"

तेवढ्यात नाकाला रुमाल लावून सासरे आले. अँब्रोजने चौदा पिंपांची कबुली द्यायला तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याने आधी त्याचा हात धरून गदागदा हलवला.

"जिंकलात, जावईबापू. शब्द म्हणजे शब्द. कारखान्यात बसायचं नाव मी पुन्हा काढणार नाही."

अँब्रोजला आभाळ ठेंगणं झालं.

"फक्त एमिल म्हणतो, खेळाडू माणूस काही यापुढे गाडी हाकणार नाही," सासरे पुढे म्हणाले. "आणि तुम्ही आज कशी हाकलीत ते सगळ्या गावाने हुंगलंय. तेव्हा सोमवारपासून, पुढच्या वर्षी खेळ सुरू होईपर्यंत, गाडीवर तुम्ही. पिंपं तेवढी भरलेली पोचवा."

अँब्रोजने आधारासाठी क्लेमकडे पाहिलं. क्लेम दोन पावलं मागे सरकला होता.

"भरलेली असतील तर मास्तर," तो म्हणाला, "माझ्या दारावरून नका येऊ."