एक फूट म्हणजे अर्धा इंच

मोघ्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला फाटकातच उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पावणेतीन इंच. या आत. डावा पाय जपून टाका, इटारसी आहे."

मी खाली पाहिलं. माझी चप्पल खरोखरच इटारसीवर पडणार होती. फलाट, जिना, पाण्याची टाकी, पोह्यांचा ठेला, आणि स्टेशनमास्तरच्या खिडकीला चक्क वाळ्याचा कूलर!

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधली सगळी क्वार्टर्स एका साच्यातली. पुढच्या बागेत कुणी गुलाब लावायचं, कुणी भेंडी. मोघे कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यांनी बागेत रेल्वे लावली. रूळ पेरूच्या झाडाला वळसा घालून धुण्याच्या दगडामागून निघत आणि तुळशीला प्रदक्षिणा घालून परत येत. पण गाडीचं त्यांना विशेष कौतुक नव्हतं. "गाडी काय, कुणीही पळवेल," ते म्हणायचे. "माणसं उतरतात कुठे, ते बांधून दाखवा!"

ते बांधायचे. चहाच्या खोक्याच्या पातळ फळ्यांच्या भिंती, सायकलच्या तारांचे खांब. कुंडीच्या मातीची नखाएवढी कौलं करून शेगडीवर भाजायचे. आणि सगळं एकाच मापात. एक फूट म्हणजे अर्धा इंच. हे त्यांचं गायत्री मंत्राइतकं पाठ. माणसंही ते त्याच मापात बघत. आमचे सहाफुटी जनरल मॅनेजर त्यांच्या लेखी 'आपले तीन इंच' होते. लग्नाच्या रिसेप्शनला गेले, तर वधूवरांना शुभेच्छा द्यायच्या आधी स्टेजकडे बघून पुटपुटायचे, "मापात नाही."

पोह्यांच्या ठेल्यावर पहिल्यांदा त्यांनी खऱ्या पाकाच्या जिलब्या ठेवल्या. कुसुमवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सुईच्या टोकाने त्या तळल्या होत्या. दुपारपर्यंत मुंग्या लागल्या आणि वाहतूक ठप्प. मुंग्यांचं वाईट कुणालाही वाटतं, पण मोघ्यांचं दुःख वेगळं. "सबनीस, हिशोब करा! ही मुंगी म्हणजे सहा इंच लांब! इटारसीच्या फलाटावर सहा इंची मुंगी कुणी पाहिलीय?" खार दिसली की ओरडायचे, "बारा फुटी जनावर आलं!" आणि शेजारचे सक्सेनाजी कुंपणावरून हाक मारायचे, "मोघे साहब, माफ कीजिए, हमारी बिल्ली आपके पुल पे सो गई है." मांजर मापात केवढं होतं हे सांगायला मोघ्यांना शब्द सुचत नसत.

वहिनींचा या सगळ्याला वरवर विरोध होता. "माझी मेथी गेली, कोथिंबीर गेली. उद्या स्वयंपाकघरातनं बोगदा काढतील हे!" असं म्हणत हिवाळ्यात कौलं भाजायला शेगडी पेटवून द्यायच्या त्याही वहिनीच.

दिवाळी आली की गल्लीतल्या बायका माहेरी निघत. कुणी इंदूरला, कुणी ग्वाल्हेरला, कुणी थेट साताऱ्याला. वहिनी सगळ्यांना प्रवासाच्या पुऱ्या लाटून देत, रिक्षापर्यंत पोचवत आणि परत येऊन फाटक लावून घेत. त्यांना जायला जागाच नव्हती. वडील स्टेशनमास्तर, पिंपळझिरा नावाच्या आडगावी. लहानपण तिथल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. पुढे वडील निवृत्त झाले, चावी परत केली. मोठी लाईन दुसरीकडून गेली आणि ते स्टेशनच पाडलं. नोकरीच्या घरात वाढलेल्या पोरींचं असंच असतं. आईबाप गेले की माहेर म्हणून दाखवायला एक भिंतही उरत नाही.

एका रविवारी मोघ्यांनी मला पेरूखाली बोलावलं. आवाज एकदम खाली. "सबनीस, पिंपळझिरा बांधतोय. हिला दिवाळीत माहेरी न्यायचंय. बोलायचं नाही."

तुळशीमागे गोणपाटाचा आडोसा उभा राहिला. वहिनींना सांगितलं, "मालधक्का आहे, बघण्यासारखं काही नाही." माहिती काढायचं काम माझ्या बायकोवर, शुभावर आलं. पापड लाटता लाटता ती विचारायची आणि मी दुसऱ्या दिवशी मोघ्यांना अहवाल द्यायचो. मोघे ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे.

"फलाट एवढा लांब की टोकाला जाईस्तोवर पाय दुखायचे? अहो, दोन गाड्या थांबायच्या तिथे! बाकावर चढायला बाबांनी उचलून घ्यावं लागायचं? बाक आहे की हत्ती? कडुलिंब आभाळाला टेकला होता म्हणे. छे छे, मापात नाही, काही मापात नाही!"

शेवटी त्यांनी रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून तसल्या छोट्या स्टेशनांचा जुना नकाशा पैदा केला आणि अगदी सुतात बांधलं. माझ्या पाहण्यातलं त्यांचं सर्वांत देखणं काम. मीही पैजेवर सांगितलं असतं की वहिनी रडणार.

धनत्रयोदशीला गोणपाट उघडलं. वहिनी वाकल्या, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छानच झालंय हो. कुठलं स्टेशन हे?"

मोघ्यांचा चेहरा मला बघवेना. "असंच," ते म्हणाले. "नमुना आहे." शुभाने उगाचच फराळाचा विषय काढला.

नरकचतुर्दशी गेली, लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा आला. मोघे दिसले नाहीत. आडोशामागून ठोकाठोकी ऐकू येई. मी डोकावलो तर पिंपळझिरा जमीनदोस्त झालेला आणि नकाशा ओट्यावर उलटा पडलेला. मोघे वर न बघताच म्हणाले, "फूटपट्टी चुकली, सबनीस. ही तिथे होती तेव्हा सहा वर्षांची होती."

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. आणि काय सांगू! ज्या माणसाने मांजराला कधी माफ केलं नाही, त्याने असलं काही बांधावं? फलाट धुण्याच्या दगडापर्यंत लांबलेला. बाक खिडकीइतका उंच. मास्तरांचं टेबल वाड्याच्या दिंडीदरवाजाएवढं, त्यावरची घंटा कढईएवढी. कडुलिंब म्हणून मोघ्यांनी खऱ्या कडुलिंबाचं एक रोपच आणून लावलं होतं, सगळ्या इमारतीच्या तिप्पट. माप म्हणून त्यात औषधालाही नव्हतं.

वहिनी हात पुसत आल्या. काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं. आणि गुडघे दुखतात हे विसरून त्या मातीतच बसल्या. एक बोट त्यांनी टेबलाच्या कडेला लावलं.

"हनुवटी लागायची माझी इथे," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणायचे, गाडीला झेंडा दाखवतो, तोवर तू टेबल सांभाळ."

गाडी तुळशीपाशी आली होती. मोघ्यांच्या वेळापत्रकात तिला तिथे थांबा नव्हता.

"अहो," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "थांबवता का जरा?"

मोघ्यांनी बटण बंद केलं. शुभाने माझी बाही ओढली. आम्ही निरोप न घेताच फाटकाकडे निघालो, डोळे पुसत, आणि त्या गडबडीत मी इटारसीचा जिना तुडवला. मोघ्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते वहिनींच्या शेजारी मातीत बसले होते, आणि त्या हाताने दाखवत होत्या, विहीर कुठे होती ते.