शिट्ट्यांखालचं वाक्य

वाहिनीच्या साहेबांचा फायदा दुहेरी होता. मालिकेतल्या दोन मुलींचं प्रेम दाखवलं की मोबाइलवर बघणारी तरुण मंडळी आपली, आणि त्या मुली ते तोंडाने बोलल्या नाहीत की दिवाणखान्यातल्या सासवाही आपल्याच. साप मरणार, काठी शाबूत! ‘धाडसी भाग’ म्हणून आठवडाभर डांगोरा पिटून झाल्यावर त्यांनी संकलन करणाऱ्या बाईला बोलावलं. तिला सगळे कात्री म्हणत.

“प्रसंग स्वयंपाकघरात आहे ना? मग बोलण्यावर कुकरची शिट्टी टाक.”

कात्रीला हे नको होतं. ती स्वतः एका नर्सबरोबर संसार करत होती आणि आईला मात्र ‘रूममेट’ सांगत होती. आई ही मालिका चुकवत नसे. आपल्याला जे सांगवत नाही ते पडद्यावरची मुलगी सांगून टाकेल, याच भरवशावर ती इतके दिवस गप्प होती.

तिने विनवून पाहिलं. मग, शिट्टी नेमकी कुठल्या वाक्यावर, असं विचारलं. साहेब वैतागले. म्हणाले, सगळ्यांवर.

कात्रीने हुकूम तंतोतंत पाळला. मुलीने तोंड उघडलं की शिट्टी. मालिकेतल्या आईने काही विचारलं की शिट्टी. साहेबांनी भाग न बघताच मंजूर केला. त्यांना धाडसावर मुलाखत द्यायला जायचं होतं.

भाग संपतो न संपतो तोच आईचा फोन. शेजारच्या काकूंना आणि तिला एक अक्षर कळलं नव्हतं. काय म्हणाली गं ती मुलगी?

भात झाला म्हणाली, असं सांगता आलं असतं. कात्रीने मूळ वाक्य सांगितलं: “आई, मला हिच्याशीच लग्न करायचंय. तू आलीस तर बरं, नाही आलीस तरी करणार.” आणि श्वास न घेता पुढे म्हणाली, “मीसुद्धा.”

पलीकडून फोन बंद झाला.

इकडे नेटवर लोक शिट्ट्यांखालच्या जागा भरत सुटले, आणि जे लिहिण्याची लेखकाची छाती झाली नसती ते लिहू लागले. मूकबधिर शाळेतल्या एका बाईंनी ओठ वाचून खरं वाक्य टाकलं, तेव्हा त्या सगळ्यात तेच सोज्वळ ठरलं! त्यातच मालिकेच्या प्रायोजकांचा, म्हणजे कुकरवाल्यांचा, खलिता आला: इतक्या शिट्ट्या होऊनही ज्यात भात शिजत नाही तो कुकर घेणार कोण? साहेबांना शिट्ट्या काढून भाग पुन्हा दाखवावा लागला.

या वेळी वाक्य येताच काकू म्हणाल्या, बंद करा हे थेर. आई जागची हलली नाही.

“टीव्ही माझा आहे. तुम्हाला उठायचं तर उठा.”

मग तिने लेकीला फोन केला. “रविवारी तिलाही घेऊन ये. मी अजून चिडलेय. दोघींना समोर बसवूनच बोलणार आहे.”

शेवटी साहेबांना धाडसाचा पुरस्कार मिळाला, कात्रीला नोकरीतून डच्चू. पण ती म्हणते, खरा भुर्दंड काकूंना बसला. आता त्यांना मालिका स्वतःच्या घरी बघावी लागते, तीही यजमानांच्या बातम्या संपल्यावर. आणि सुरुवातीला काय झालं ते जिन्यात आईला विचारावं लागतं.